एकास सत्त्याऐंशी

वर्ध्यात रद्दीचा भाव किलोवर ठरतो. माझ्यासाठी मात्र तो माझ्या चेहऱ्यावर ठरतो, आणि त्यात चूक माझीच आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आर्वी नाक्याकडच्या एका रद्दीवाल्यानं मला रेल्वेचं एक जुनं टाइमटेबल वजन करून दिलं होतं. सव्वा रुपया झाला. तो देऊन गुपचूप निघायचं, तर मी दुकानातच पान उलटलं आणि मोठ्यानं "अरे वा!" म्हणालो. आयुष्यात एवढे महागडे दोन शब्द मी दुसरे बोललेलो नाही. पुढच्या खेपेला त्यानं काटा बाजूला सरकवला. म्हणाला, "सर, याच्यावर इंजिन छापलं आहे. इंजिनवाला कागद किलोत नाही बसत."

हल्ली तो मला फोनच करतो. "सर, एक पोतं आलं आहे. आत काय आहे ते मले नाही समजत, पण शिट्टी, झेंडी असं काहीबाही लिहून आहे." मी अर्धा चहा टाकून निघतो. एकदा असाच धावत गेलो तर पोत्यातून स्काउटच्या शिबिराची पुस्तकं निघाली. शिट्टी होती, झेंडी होती, फक्त गाडी नव्हती. "आता आलेच आहे तर घेऊन जा," असं म्हणून त्यानं तीही माझ्या गळ्यात मारली.

मी रेल्वेत नोकरीला नव्हतो. शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झालो. या नादाचं मूळ पुण्यात आहे. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. तिथं मी आठ वर्षांच्या भाच्याला घेऊन गेलो. भाच्यानं एक खेळ पाहिला आणि आइस्क्रीम मागितलं. मामानं तीन खेळ पाहिले आणि आइस्क्रीमचं नावही काढलं नाही. सिग्नल पडत होते, फाटकं मिटत होती, बोटभर इंजिनं आपापल्या रुळांवरून शिस्तीत जात होती. पस्तीस पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या माणसानं एवढी शिस्त उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

परतीच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये मी वर्ध्यापर्यंत पेन्सिलीनं गणितं करत बसलो. या छंदात जगभर चालणारं एक प्रमाण आहे: एकास सत्त्याऐंशी. खरी वस्तू सत्त्याऐंशी मिलिमीटर, तर आपली एक. आता आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद. भागिले सत्त्याऐंशी, म्हणजे १९.२६. पण या प्रमाणातले बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते साहेबाच्या देशातल्या १४३५च्या गेजवरून काढलेले. म्हणजे आपली राजधानी एक्स्प्रेस त्यावर उभी केली, तर खऱ्या हिशेबात रूळ वीतभर अरुंद पडतो. धिप्पाड माणसानं धाकट्या भावाची चप्पल घालून लग्नाला जावं, तसं दिसतं ते. भुसावळ येईपर्यंत मी निराश झालो होतो.

अकोल्याच्या पुढे डोक्यात दिवा लागला. नॅरोगेज! अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले सत्त्याऐंशी, ८.७६. आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक! एवढ्या फरकावर तर लग्नं जमतात. आणि नॅरोगेज शोधायला मला लांब जायचं नव्हतं. काही वेळानं गाडी पुलगावला लागली. खिडकीबाहेर पाहिलं. आमची पुलगाव-आर्वी लाइन तिथूनच तर सुटायची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. ती कापसासाठी आलेली, पण कापूस काही स्टेशनात पिकत नाही, तो पिकतो आर्वीकडे. म्हणून १९१७ साली पुलगावहून आर्वीपर्यंत ३५ किलोमीटरची ही छोटी लाइन पडली. मालकी किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर या तिच्या थोरल्या बहिणी. देश स्वतंत्र झाला, सगळ्या रेल्वेगाड्या सरकारच्या झाल्या, या तिघी मात्र कंपनीच्याच नावावर राहिल्या. लोकांनी त्यांना 'शकुंतला' केलं. दुष्यंताच्या आठवणीचा भरवसा नाही, हे नाव ठेवणाऱ्याला आधीच कळलं असावं.

घरी आल्यावर पुढचं गणित केलं. पस्तीस किलोमीटर भागिले सत्त्याऐंशी म्हणजे ४०२ मीटर. माझी खोली बारा फूट. पूर्ण लाइन टाकायची, तर पुलगाव माझ्या पलंगाखाली आणि आर्वी कॉलनी ओलांडून, नाल्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत. हिनं शांतपणे विचारलं, "गिरणीवाल्याला सांगितलं का?"

म्हणून फक्त आर्वी स्टेशन करायचं ठरलं. एक फलाट, एक मालधक्का, दोन रूळ. लाकडी टेबल सुतारानं आठवड्यात करून दिलं. या छंदातले जाणकार सांगतात की रुळाला हात लावण्याआधी कागद गोळा करा. अंदाजानं काही करू नका, पुरावा पाहा. मी शिक्षक. पुरावा म्हटलं की मला चेव येतो. म्हटलं, दोन-चार महिने वाचू आणि दिवाळीपर्यंत गाडी सोडू. कोणत्या दिवाळीपर्यंत, ते बोललो नव्हतो, एवढीच आता माझी बाजू.

पहिला प्रश्न, कोणत्या सालातली आर्वी? मॉडेलला आधी साल लागतं. सालावर इंजिन ठरतं, डबे ठरतात, फलाटावरच्या माणसाच्या डोक्यावर फेटा की टोपी की नुसतं तेल, हेही ठरतं. मी १९१७ धरलं. त्यासाठी जिल्ह्याचं गॅझेटियर हवं. रसेल साहेबांनी केलेल्या वर्धा गॅझेटियरची झेरॉक्स महिनाभर खटपट करून मिळवली. दोन दिवस वाचल्यावर लक्षात आलं की ते १९०६चं आहे. जी लाइन अकरा वर्षांनी पडायची, ती त्यात शोधत मी पानं चाळत होतो. एक मात्र कळलं. जिल्ह्याचं ठाणं आधी पुलगावजवळ कवठ्याला होतं. १८६६ साली ते पालकवाडीच्या जागेवर आणून वर्धा वसवलं, आणि पुढच्याच साली गाडी नागपूरला पोचली. एकूण आमचं गाव आणि आमची रेल्वे एकाच वरातीतून आलेली. ही माहिती माझ्या फलाटाच्या कामाची नव्हती, पण ती मी सहा महिने भेटेल त्याला सांगितली.

मग १९७४चं गॅझेटियर आलं. मग इंग्लंडातून ह्यूज नावाच्या गृहस्थाचं भारतीय इंजिनांवरचं पुस्तक आलं. त्याचा तिसरा भाग नुसता नॅरोगेजवर. तो आणला आइस्क्रीमवाल्या भाच्यानं, जो एव्हाना तिकडे नोकरीला लागला होता. इतर मामांसाठी भाचे चॉकलेटं आणतात. या पुस्तकात नायक नाही, नायिका नाही. चाकं किती, बांधणी कुठली, साल कोणतं, असे तक्ते आहेत. मी ते रात्री दोन वाजेपर्यंत वाचतो. यवतमाळच्या शकुंतलेचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं आणि १५ एप्रिल १९९४ला निवृत्त झालेलं. सत्तर वर्षं नोकरी! मला अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ दिला.

पण खरी गोडी पुस्तकांत नाही, रेल्वेच्या आतल्या कागदांत आहे. त्यांच्यावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असं छापलेलं असतं. ते वाचूनच माणूस विकत घेतो. वर्किंग टाइमटेबल हा त्यातला राजा. आपल्याला स्टेशनवर मिळतं ते टाइमटेबल म्हणजे रेल्वेनं प्रवाशांना दिलेली आशा. वर्किंग टाइमटेबलमध्ये वळण कुठं, चढ किती, वेग कुठं कमी करायचा, हे सगळं निमूट लिहिलेलं असतं.

दुसरा ग्रंथ म्हणजे गाडी चालवण्याचे सर्वसाधारण नियम. त्यातला एक नियम माझा विशेष लाडका. गाडी वाटेत बंद पडली, तर गार्डानं मागं चालत जाऊन रुळावर फटाके लावायचे, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला इशारा मिळेल. नॅरोगेजवर पहिला फटाका ४०० मीटरवर, आणि ८०० मीटरवर तीन, एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर. आता आमच्या आर्वी लाइनीवर दिवसभरात मोजक्या गाड्या. मागून कोण येणार? आली तर बैलगाडी. पण नियम तो नियम. मी लगेच भागिले सत्त्याऐंशी केलं. पहिला फटाका ४.६ मीटरवर, म्हणजे भिंतीपलीकडे आमच्या गॅसच्या ओट्यावर. उरलेले तीन ९.२ मीटरवर, म्हणजे शेजाऱ्यांच्या व्हरांड्यात, साडेअकरा सेंटिमीटरच्या अंतरानं. खडूनं खुणा करायला गेलो तेव्हा शेजारीणबाई रांगोळी घालत होत्या. "भाऊजी, काय मोजून राहिले?" मी म्हटलं, "काही नाही, आमची गाडी बंद पडली तर तुम्हाला त्रास नको." त्यांनी दुसऱ्या दिवशी हिला बोलावून माझ्या तब्येतीची चौकशी केली.

वर्ध्यात राहून रेल्वेची पुस्तकं जमवायची म्हणजे आणखी एक पंचाईत. गांधीजींनी १९०९च्या 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वेवर चांगलाच राग काढलाय. प्लेगचे जंतू गावोगाव पोचवण्याचा आरोपही तिच्यावर आहे. आमच्या गल्लीत एक सर्वोदयी काका आहेत. त्यांनी माझ्या कपाटात ते पुस्तक पाहिलं आणि चष्मा वर करून विचारलं, "रेल्वेच्या पुस्तकांत हे कसं?" म्हटलं, "काका, लोकशाही आहे. विरोधी पक्ष लागतो." त्याच्या शेजारीच १९१७ची तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावरची पुस्तिका आहे. आर्वी लाइन आणि ही तक्रार एकाच सालची. मुंबई-मद्रास प्रवासात २२ माणसांच्या डब्यात ३५ माणसं कोंबली होती, असं गांधीजींनी त्यात मोजून लिहिलंय. देशानं त्यातून काय घेतलं ते माहीत नाही, मला मात्र पक्का आकडा मिळाला. मी एका डब्यासाठी ३५ माणसं मागवली.

ती आली जर्मनीहून. दोन सेंटिमीटर उंच, अतिशय सुबक, आणि सगळी ओव्हरकोट घातलेली. बायकांच्या हातात छत्र्या, एकाच्या बगलेत बर्फावर घसरायच्या पट्ट्या. आर्वीच्या मे महिन्यात! सुईच्या टोकानं ओव्हरकोटाचं धोतर करायला मला प्रत्येकी तीन संध्याकाळी लागल्या. पट्ट्यावाल्याला तुराट्यांची मोळी घेतलेला शेतकरी केलाय. जवळून पाहिलं तर तो अजून उतारावरून घसरायच्या बेतात दिसतो.

ही माणसं माझ्यापर्यंत पोचली हेच नशीब. सेवाग्रामची गोष्ट वर्ध्यातलं शेंबडं पोरही सांगतं. मूळ नाव शेगाव. गांधीजींची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची, म्हणून १९४० साली गावाचं नावच बदललं. माझं पार्सल 'आर्वी नाका' वाचून कुणीतरी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीला नेलं. अकरा दिवस पस्तीस जर्मन आर्णीत मुक्कामी होते. गांधीजींनी गाव बदललं, मला नाकाही बदलता येईना.

एवढे कागद झाले तरी एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळेना. आर्वी स्टेशनच्या दाराला रंग कोणता होता? फोटो सगळे काळे-पांढरे. शेवटी दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात एका कार्यालयात अर्ज केला. अर्जाचं कारण विचारायचं नाही, असं कायदाच म्हणतो. तिथल्या बाबूंनी कारण विचारलं नाही. त्यांनी अर्ज वाचला, मला खालून वर पाहिलं, शेजारच्याला वाचायला दिला, त्यानं मला वरून खाली पाहिलं. महिन्यानं उत्तर आलं: माहिती उपलब्ध नाही. ते उत्तरही मी फाइलला लावलंय. रेल्वेच्या दाराबद्दलचा तो माझ्याकडचा एकमेव अधिकृत कागद.

मग म्हटलं, कागदाला नाही ठाऊक तर माणसाला विचारू. पुलगावला स्टेशनबाहेरच्या टपरीवर या लाइनीवर जन्म घालवलेली तीन-चार म्हातारी मंडळी बसतात. आधी मला तो प्रसिद्ध किस्सा ऐकावा लागला: चालत्या गाडीतून उतरून, लोटा घेऊन जाऊन, धावत येऊन परत बसलेला माणूस. हा किस्सा मी विदर्भात निदान चाळीस जणांकडून ऐकला आहे, आणि चाळीसही जणांचा तो सख्खा मामा होता. मग मी दाराचा विषय काढला.

"हिरवा," एक जण म्हणाले.

"हिरवा कायचा जी? तपकिरी होता," दुसरे म्हणाले. "म्या रोज उघडलं ना थे दार."

"तू उघडलं? तुह्या आधी चपराशी उघडे."

"बरं, डब्यांचा रंग?" मी वाद टाळायला विचारलं. तिथं तर सभाच पेटली. लाल, काळपट लाल, तांबडा. शेवटी आतापर्यंत गप्प बसलेले एक आजोबा बशीतला चहा संपवून म्हणाले, "दिवाळीनंतर सगळे डबे पांढरे रायत. कापूस चिपके ना बावा. दारालेबी, टोपीलेबी, मास्तरच्या मिशीलेबी. रंग पाहाले कोण बसलं होतं?"

मी वहीत लिहिलं: 'पांढरा (हंगामी)'. बावीस वर्षांच्या संशोधनात मला मिळालेली सगळ्यात खरी नोंद हीच, आणि ती कुठल्या कागदावर नव्हती.

या नोंदीनं साल पुन्हा बदललं. तसं ते बदलतच आलंय. १९१७वरून मी १९३६वर गेलो, कारण वाफेच्या इंजिनाचं एक रेखाचित्र मिळालं. मग एकसष्टचं वर्किंग टाइमटेबल सापडलं, म्हणून एकसष्टवर. माझ्या खोलीत गाडी सोडून काळ तेवढा धावतो आहे. दरम्यान त्या सुताराच्या टेबलावर कागद चढले. मग माळ्यावर चढले, मग गोरसपाक बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत शिरले. त्यावरून घरात एकदा कडाक्याचं भांडण झालं, कारण एक डबा रिकामा नव्हता, मी तो केला होता. अभ्यासात मी कसर ठेवली नाही, पण कागदांना कसर लागली. गेल्या दिवाळीत माळा उतरवला तर एकसष्ट सालच्या टाइमटेबलातली दोन स्टेशनं कसरीनं खाल्ली होती. विरूळ शाबूत होतं, रोहण्याच्या जागी भोक.

"यातला एक तरी कागद द्या रद्दीत," ही म्हणाली. देता येत नाही. रद्दीवाला तो मलाच परत विकेल.

आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तिला ब्रह्मास्त्र मिळालं. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या लाइनीचा वर्धा ते कळंब हा टप्पा देवळीमार्गे सुरू झाला. पेपर माझ्यापुढं ठेवून ती म्हणाली, "रेल्वेनं जमीन घेतली, पूल बांधले, खरे रूळ टाकले, गाडी सोडली. तुमचं अजून दारच रंगून राहिलं."

हे लागलं. त्या रात्री ठरवलं, आता बस. जुनं सालच नको. मी आजची आर्वी लाइन करणार! गाडी बंद आहे, तेव्हा इंजिनाचा प्रश्न मिटला. डबे नाहीत, रंगाचा वाद नाही. माणसं नाहीत, जर्मन परत खोक्यात. नऊ मिलिमीटरचा रूळ, त्यावर थोडा गंज, आणि मधून उगवलेली झुडपं. पुरावा जमवायला नको, डोळ्यांसमोर आहे. दोन आठवड्यांत मी टेबल मोकळं केलं, हातभर रूळ चिकटवला, तांबडा रंग फासला, भुशाला हिरवा रंग देऊन झुडपं लावली. बावीस वर्षांत पहिल्यांदा काही तरी पूर्ण झालं होतं. मी हिला हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. वाकून पाहिलं. आर्वीकडची शेतकऱ्याची लेक ती. मन लावून पाहिलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "पण ही झाडं कशाची?"

"कशाची म्हणजे? झुडपं आहेत."

"झुडूप असं काही नसते. बाभूळ आहे, का घाणेरी, का रुई? का तरवड? पानं बारीक हवी की मोठी? आणि फूल कधीचं धरलं, पावसाळ्यातलं की उन्हाळ्यातलं?"

मी गप्प. मग कपाटाकडे गेलो, वही काढली, नवं पान घेतलं आणि सकाळी रद्दीवाल्याला फोन केला. विदर्भातल्या वनस्पतींवर काही आलं तर बाजूला ठेव म्हटलं. तो हसला. "ठेवतो ना सर. पण झाडंवाला कागद किलोत नाही बसत."

फोन ठेवला तेव्हा ही दारात उभी होती. रुळाकडे पाहत होती की माझ्याकडे, नक्की कळलं नाही.

"बेशरम," ती म्हणाली.

आमच्याकडे नाल्याच्या काठानं एक झुडूप वाढतं, जांभळट फुलांचं. किती कापलं तरी पुन्हा फुटतं. त्याला बेशरम म्हणतात. तिला तेच म्हणायचं असणार. मी नोंद करून घेतली.